बॉनेटवरचा हात

बाबा शुक्रवारी दुपारी गेले. त्यानंतरच्या रविवारी सकाळी साडेसहाला आम्हा दोघांना भवानीसिंहच्या गोदामात दोन गाड्या ऐकायला जायचं होतं.

लोक गाडी बघायला जातात. बाबा ऐकायला जात. दशरथ तायडे, मूळचे बडनेऱ्याचे, रेल्वेत लागले आणि बदलीवर फुलेऱ्याला आले, ते निवृत्त होईपर्यंत डिझेल इंजिनांतच राहिले. निवृत्तीनंतर आम्ही जयपूरला, जगतपुऱ्यात फ्लॅट घेतला. खालच्या मजल्यावरच्या अरुणकाकांना तेव्हा एक जुनी गाडी घ्यायची होती. बाबा सोबत गेले, इंजिन सुरू करायला लावलं, ऐकलं आणि म्हणाले, "नका घेऊ." काकांनी घेतली. तीन महिन्यांनी अजमेर रोडवर इंजिन जाम झालं, तेव्हा ही गोष्ट काकांनी स्वतःच सगळ्या सोसायटीला सांगितली. वर्षभरात जुन्या गाड्यांच्या धंद्यातली माणसं 'दशरथजी का कान' असं म्हणायला लागली. काहीजण कौतुकानं, काहीजण वैतागून.

त्यांचं हत्यार एकच होतं. हातभर लांबीचा, लाकडी मुठीचा पेचकस, म्हणजे स्क्रू-ड्रायव्हर. पातं इंजिनाच्या अंगाला टेकवायचं, मूठ कानाच्या पाळीशी दाबायची आणि डोळे मिटायचे. आतला प्रत्येक सिलिंडर वेगळा ऐकू येतो. फी म्हणाल तर चहा, आणि परतताना त्याच गाडीतून घरापर्यंत चक्कर.

शेवटच्या दोन वर्षांत बाबांना नीट ऐकू येत नव्हतं. हे फक्त आईला आणि मला माहीत होतं.

आधी डावा कान गेला, मग उजव्यानं बारीक आवाज सोडून दिले. डॉक्टरांनी दिलेलं यंत्र त्यांनी चार दिवस वापरून डबीत ठेवलं. "हे सगळ्यालेच मोठं करते," म्हणाले. "कामाचं बी अन् बिनकामाचं बी." मला वाटलं, आता हे बंद होईल. पण पुढच्या रविवारी पहाटे त्यांनी माझ्या खोलीचं दार वाजवलं.

"चाल. तुले न्यायचं हाये."

"मला इंजिनातलं काय कळतं, बाबा?"

"कळायचं माझ्याकडे. तू फक्त ऐक अन् सांग. एवढी पुस्तकं वाचते, तुले शब्द येतात."

मग तसंच सुरू झालं. लोकांसमोर बाबा आधी पेचकस स्वतःच्या कानाला लावत, डोळे मिटत, आणि मग जणू पोरीला शिकवताहेत अशा थाटात मूठ माझ्याकडे देत. मी ऐकायची. घरी परतल्यावर किंवा चहाच्या टपरीवर त्यांच्या उजव्या कानाशी वाकून सांगायची.

"टकटक येत होती."

"टकटक म्हणू नको. टकटक तर सगळंच करते. कशी टकटक?"

"कुणी घाईघाईनं दोडके चिरतंय तशी."

"हां," ते समाधानानं म्हणत, आणि वहीत लिहून घेत. त्या निळ्या वहीत प्रत्येक गाडीला अर्धं पान असे. वर गाडी आणि तारीख. खाली 'प्र. म्हणते' आणि माझे शब्द. प्र. म्हणजे प्रज्ञा, म्हणजे मी. त्याच्या खाली बाबांचा निकाल, दोन-चार शब्दांत. 'व्हॉल्व्ह. करून घ्या, मग घ्या.' किंवा 'उत्तम. घ्या.' किंवा नुसतं 'नको.'

मी हिंदी शाळेत शिकलेली. मराठी पुस्तकं बाबा नागपूरहून मागवून द्यायचे, तीही मूठभर. पण नेमका शब्द शोधायला मला कुठल्याही पुस्तकानं शिकवलं नाही तेवढं त्या पेचकसानं शिकवलं.

त्यांच्या तीन सवयींचा मात्र मला कंटाळा होता. एक म्हणजे कधीही बोलवा, हे सूर्य उगवायच्या सुमारास जाणार. मला वाटे, रेल्वेच्या इंजिन-शेडमधल्या पाळ्यांची सवय सुटली नाही. दुसरी, गाडीपाशी गेल्याबरोबर ते बॉनेटवर उजवा हात पसरून ठेवत आणि क्षणभर तसेच उभे राहत. याचा कंटाळा नव्हता खरं तर, थोडा संकोच वाटायचा. म्हातारा माणूस म्हशीच्या पाठीवर हात ठेवतो तसं ते दिसे. मी त्याला माया समजत होते. आणि तिसरी, कधी कधी ते हात उचलत आणि म्हणत, "बसू जरा." मग तीन-तीन, चार-चार तास बसत. चहा पीत, मालकाशी गावगप्पा करत. मी लॅपटॉप उघडून ऑफिसचं काम करत बसे आणि मनात चिडे. घरात दोघीच बोलायला, म्हणून यांना बाहेर माणसं लागतात, असं मी आईला म्हटलंही होतं. आई दर वेळी थर्मास मात्र मोठाच भरून देई.

सरोजिनी मॅडमची गाडी हे बाबांकडे आलेलं शेवटचं काम.

मॅडमनी मला कॉलेजात गणित शिकवलं. कोल्हापूरच्या. लग्न करून जयपूरला, तिलक नगरात आल्या, नवऱ्याच्या माघारी तिथेच राहिल्या, आणि निवृत्तीनंतर सहा वर्षांनी, म्हणजे सहासष्टाव्या वर्षी, त्यांनी ठरवलं की आता स्पोर्ट्स कार घ्यायची. दोनच जणांची, बुटकी, परदेशी. नवी परवडणार नव्हती. भवानीसिंहकडे नेमक्या तशा दोन उभ्या होत्या. एकाच घरातल्या दोन भावांनी एकाच वर्षी घेतलेल्या, एकाच मॉडेलच्या. धाकट्यानं राखाडी घेतली होती, सहा सिलिंडरची. थोरला थोरला असल्यामुळे त्यानं गडद निळी घेतली, आठ सिलिंडरची.

"सगळे म्हणतात, घेतेस तर आठच घे," मॅडम आमच्या घरी येऊन बाबांना म्हणाल्या होत्या. "तुमचं काय मत, दशरथजी?"

बाबांनी माझ्याकडे बघितलं. मी ओठ नीट हलवत म्हटलं, "सहा की आठ, विचारताहेत."

"मी सोळा सिलिंडरचं इंजिन सांभाळलं हाये, मॅडम," बाबा म्हणाले. "त्याच्या आधी सहाचं. मीटर गेजचं. एका लाइनीत सहा. सिलिंडर म्हणजे लेकरं. जास्त झाले की घर मोठं दिसते, पण रोज रात्री सगळ्याइच्या तोंडाकडे पाहा लागते."

"म्हणजे सहा?"

"म्हणजे रविवारी ऐकून सांगतो."

वहीत त्यांनी पान तयार केलं होतं. वर 'सरोजिनी मॅडम'. मधून उभी रेघ. एका बाजूला 'सहा', एका बाजूला 'आठ'. खाली दोन्हीकडे 'प्र. म्हणते'. पुढे कोरं.

पुण्यानुमोदनाचा कार्यक्रम झाला, पाहुणे बडनेऱ्याला परतले, जानेवारी लागला. मी ऑफिसला जाऊ लागले. वही बाबांच्या टेबलावर होती, ती मी उचलून माझ्या कपाटात ठेवली, मग परत टेबलावर ठेवली. एका गुरुवारी मॅडमचा फोन आला.

"प्रज्ञा, तू कशी आहेस हे मी विचारणार नाही. तू 'बरी आहे' म्हणशील."

"बरी आहे, मॅडम."

"बघ." मग त्या कामाचं बोलल्या. "भवानीसिंहचा फोन होता. आठला दुसरं गिऱ्हाईक आलंय म्हणे. रविवारपर्यंत थांबतो म्हणाला."

"मग घेऊन टाका ना, मॅडम. तुम्हाला आठच आवडली आहे."

"आवडली आहेच. पण मला दशरथजींचं उत्तर हवं होतं."

"वहीत उत्तर नाहीये. पान रिकामं आहे."

"रिकामं पान मी पस्तीस वर्षं तपासलंय. तू रविवारी ये."

"मला त्यातलं कळत नाही."

"तुला इंटिग्रेशनही कळत नव्हतं. साडेसहाला गोदामाशी भेट."

मी फोन ठेवला आणि मला राग आला, मॅडमचा नाही. दोन वर्षं मी बाबांना आवाज सांगितले होते, पण आवाजातून निकाल काढणारं जे होतं ते त्यांच्याबरोबर गेलं होतं. मी आता काहीही म्हटलं तरी मॅडम ते बाबांचं समजून घेणार. आणि नाही म्हणायचं तर का, हे सांगावं लागणार. 'कळायचं त्यांना, ऐकायची मी,' असं म्हटलं की 'दशरथजी का कान' तिथेच संपला. जे त्यांनी दोन वर्षं झाकलं ते मी दीड महिन्यात उघडं करायचं, हे मला जमणार नव्हतं.

रविवारी पहाटे मी उठले तेव्हा आई स्वयंपाकघरात होती. ओट्यावर मोठा थर्मास.

"दोघीच आहोत, आई. एवढा चहा कशाला?"

"असू दे," आई म्हणाली. "लागते." आणि पेचकस जुन्या टॉवेलात गुंडाळून माझ्या हातात दिला.

गोदाम आमच्या घरापासून दहा मिनिटांवर, इंजिनिअरिंग कॉलेजांच्या मागच्या रस्त्यावर. धुकं इतकं होतं की स्कूटरवरून मला फाटकाचा फक्त वरचा दांडा दिसला. मॅडम ऑटोनं आल्या होत्या, मोठा कोट, डोक्याला मफलर, पायात पांढरे बूट. भवानीसिंहनं फाटक उघडलं. पन्नाशीचा, गोरा, बोलण्यात अदब असलेला माणूस. बाबांच्या अंत्ययात्रेला आला होता.

"आइए. दशरथजी के बिना अजीब लग रहा है," तो म्हणाला, आणि ते खोटं वाटलं नाही.

दोन्ही गाड्या पत्र्याच्या छपराबाहेर शेजारी शेजारी उभ्या होत्या. पुढे काय करायचं ते मला सुचेना. पेचकस काढायचा धीर होत नव्हता. म्हणून मी सगळ्यात सोपी गोष्ट केली. राखाडी गाडीपाशी गेले आणि बाबा ठेवत तसा बॉनेटवर हात ठेवला. त्यांची आठवण म्हणून, दुसरं काही मनात नव्हतं. पत्रा बर्फासारखा. तळव्याला दव लागलं, बोटांची पेरं दुखली. मग निळीपाशी गेले आणि तसाच हात ठेवला.

बॉनेट कोरडं होतं. आणि कोमट.

मी हात काढला नाही. कितीतरी वेळ तशीच उभी राहिले असेन. आवारातल्या झाडून सगळ्या गाड्यांवर दव होतं, फक्त या एकीवर नव्हतं. आम्ही यायच्या आधी कुणीतरी तिला सुरू करून तापवून ठेवलं होतं. का, ते अजून कळत नव्हतं. पण बाबा भल्या पहाटे का जात, हात का ठेवत, आणि 'बसू जरा' म्हणून तासन् तास का बसत, हे तिन्ही एकदम कळलं. ती माया नव्हती. निदान नुसती माया नव्हती. ते इंजिन थंड आहे का ते बघत होते. रात्रभर थंड पडलेलं इंजिन पहिल्यांदा बोलतं ते त्यांना ऐकायचं असे. तापलेलं सापडलं तर ते निवेपर्यंत बसत. आणि दोन वर्षं मी शेजारी लॅपटॉप उघडून चिडत होते.

"भवानीसिंहजी," मी म्हटलं, "हम ज़रा बैठेंगे."

त्यानं माझ्या हाताकडे पाहिलं. मग जमिनीकडे.

"ठंड में बैटरी बैठ जाती है, बेटा, इसलिए थोड़ा चलाया था."

"कोई बात नहीं. बॉनेट खोल दीजिए, हवा लगने दीजिए. हमारे पास चाय है."

तो हसला. "दशरथजी भी यही करते थे," असं म्हणून त्यानं आतून दोन प्लॅस्टिकच्या खुर्च्या आणल्या. म्हणजे यालाही माहीत होतं. बहुतेक सगळ्यांनाच माहीत होतं, एक मी सोडून.

राखाडी थंडच होती, म्हणून ती आधी ऐकली. भवानीसिंहनं चावी फिरवली, ती दुसऱ्या झटक्याला सुरू झाली. मी पातं टेकवलं, मूठ कानाशी दाबली, डोळे मिटले. आवाज येत होता, स्वच्छ. पण शब्द येईना. दोडके चिरणं नाही, झाकणाची थडथड नाही, घुंगरू नाही. कशासारखाच नव्हता. पाच मिनिटांनी मी मान हलवली आणि गाडी बंद करायला सांगितली. वहीतला 'सहा'चा रकाना तसाच राहिला.

मग आम्ही बसलो. आठ वाजता धुकं थोडं विरळ झालं. मॅडमनी पेल्यात दुसऱ्यांदा चहा घेतला.

"तुम्हाला आठच का हवीय, मॅडम?" मी विचारलं.

"कोल्हापुरात आमच्या कॉलेजच्या रस्त्यावरून एका सरदार घराण्यातली जुनी गाडी जायची. आठ सिलिंडरची, असं मुलं सांगायची. ती आली की खिडकीच्या काचा हलायच्या आणि फिजिक्सचे सर ती जाईपर्यंत बोलायचे थांबायचे. ते सर कशासाठीच थांबत नसत. प्रिन्सिपॉल दारात आले तरी वाक्य पूर्ण करायचे." त्या पेल्यात बघत हसल्या. "मी तेव्हाच ठरवलं, जिच्यासाठी हा माणूस थांबतो ती आपल्याकडे पाहिजे. मग तीस वर्षं नवऱ्याच्या शेजारच्या सीटवर बसले. ते चाळीसच्या वर जात नसत."

मला हसू आलं, दीड महिन्यात पहिल्यांदाच. थोड्या वेळानं मीच म्हणाले, "मॅडम, एक सांगायचंय. बाबांना..."

"ऐकू येत नव्हतं. ठाऊक आहे."

मी पेला खाली ठेवला.

"अगं, मी आयुष्यभर पन्नास-पन्नास मुलांच्या वर्गापुढे उभी राहिले. कुणाला ऐकू येत नाही आणि कोण ऐकत नाही, एवढं मला कळतं. ते माझ्या ओठांकडे बघायचे, मग तुझ्याकडे, आणि मग बोलायचे."

"मग तुम्ही उत्तर त्यांच्याकडे का मागितलंत?"

"कारण उत्तर त्यांचंच असायचं. तू त्यांना प्रश्न वाचून दाखवायचीस. नीट वाचून दाखवायचीस, एवढंच." मग थर्मास हलवून बघत म्हणाल्या, "तुझ्या आईनं भरपूर दिलाय. बरं झालं."

दहाला भवानीसिंह तिसऱ्यांदा येऊन घड्याळ बघून गेला. अकराला मी निळीच्या इंजिनावर हात ठेवला. गार. बॉनेट गार, आतला लोखंडी गोळाही गार.

"अब चलाइए."

चावी बराच वेळ फिरवावी लागली. मग ती सुरू झाली, आणि मला मॅडमचे फिजिक्सचे सर समजले. तो आवाज छातीत बसत होता. छपराचा पत्रा थरथरला. मॅडम खुर्चीवरून उठून उभ्या राहिल्या होत्या, एखादं मोठं माणूस आल्यावर उठावं तशा. मागून निळसर धुराचा एक लोट निघाला आणि विरला. मी पेचकस टेकवला.

त्या सगळ्या भारदस्तपणाच्या आत, डाव्या बाजूला, कुणीतरी दार वाजवत होतं. बोटाच्या पेरानं, घाई न करता. घरात माणसं मोठमोठ्यानं बोलताहेत आणि बाहेरच्याचं कुणाला ऐकू जात नाही, तसं. मी ऐकत राहिले. इंजिन तापत गेलं तसा तो आवाज हळू होत गेला आणि तीन-चार मिनिटांत थांबला. त्यानंतर निळी गाडी निर्दोष होती. सकाळी साडेसहाला तापवलेली असताना ऐकली असती तर ती निर्दोषच ऐकू आली असती.

मी वही उघडली आणि लिहिलं, 'प्र. म्हणते, आत कुणी बोटाच्या पेरानं दार वाजवतं. तापल्यावर थांबतं.' लिहिता लिहिता वाटलं, हे मी आधी कधीतरी म्हटलंय. पानं मागे उलटत गेले. डिसेंबर, नोव्हेंबर, दिवाळीच्या आधीची. ऑगस्टमध्ये सापडलं. जवाहर नगरच्या कुणाची तरी पांढरी गाडी. 'प्र. म्हणते, कुणी दार वाजवतंय, मग थकून गप्प होतं.' खाली बाबांचं बसकं अक्षर: 'पिस्टन ढिला. थंड असलं की बोलते, गरम झाल्यावर लपते. इंजिन उतरवा लागंल. नको.'

वही मी मॅडमपुढे धरली. त्यांनी चष्मा लावून दोन्ही पानं वाचली. ऑगस्टचं दोनदा वाचलं.

"हे त्यांचं उत्तर," मी म्हटलं.

"हो," त्या म्हणाल्या. त्यांनी निळीच्या छतावर हात टेकवला आणि काढून घेतला. "चला. काचा हलल्या, तेवढं झालं." मग माझ्याकडे वळल्या. "आणि सहा?"

सहाचं उत्तर वहीत नव्हतं. ते कुठल्याच पानावर असणार नव्हतं, कारण त्या आवाजाला मी कधी शब्दच दिला नव्हता. आठ नको, एवढ्यावरून सहा घ्या असं होत नाही, हे गणिताच्या बाईंना सांगायची गरज नव्हती.

"परत ऐकते," मी म्हणाले.

राखाडी एव्हाना पुन्हा थंड पडली होती. चावी, दोन झटके, सुरू. मी डोळे मिटले. निळीत सगळे बोलत होते आणि एकजण दाराबाहेर होता. इथे बाहेर कुणी नव्हतं. एकामागून एक, सारख्या अंतरानं, सहा. मी उगाच मोजायला लागले, एक, दोन, तीन, आणि चारपाशी आठवलं.

मी चार-पाच वर्षांची. फुलेऱ्याला बाबांच्या खांद्यावर बसलेली, मीटर गेजचं इंजिन समोर धडधडत उभं, आणि खालून बाबांचा आवाज, त्या गलक्यातही स्पष्ट: "घे हजेरी. एक?" मी म्हणायची, "हजर." "दोन?" "हजर." असं सहापर्यंत. एखाद्या दिवशी ते मधेच विचारत, "चार कुठं गेला वं?" आणि मी कान देऊन ऐकायची आणि म्हणायची, "आहे, हळू बोलतोय." तेव्हाही ऐकायची मीच. फक्त तेव्हा त्यांनाही ऐकू येत होतं.

मी पेचकस खाली ठेवला.

"घ्या," मी म्हटलं.

मॅडमनी नजर रोखून विचारलं, "हे कोण म्हणतंय?"

"मी."

"कशावरून?"

"सहाही हजर आहेत."

त्यांनी चष्मा काढला आणि माझ्याकडे बघितलं. वर्गात कुणी एखादी पायरी गाळून बरोबर उत्तर काढलं की त्या असंच बघत, मार्क न कापता. भवानीसिंहनं निळीचं बॉनेट खाली घेतलं. मी त्याला म्हटलं, आठसाठी जो येणार आहे त्याला थंड इंजिन ऐकवा. तो म्हणाला, "आपने पकड़ लिया, अब तो बताना ही पड़ेगा." मला तो माणूस वाईट वाटला नाही. बाबा त्याच्याकडे चार-चार तास बसत ते काही फक्त इंजिन निवायला नसेल.

वहीत 'सहा'च्या रकान्यात मी लिहिलं, 'प्र. म्हणते, सहाही हजर.' खालची निकालाची जागा मी थोडा वेळ बघितली. मग तिथेही मीच लिहिलं, 'उत्तम. घ्या.' माझं अक्षर त्यांच्यासारखं नाही, आणि ते तसं काढायचा प्रयत्न मी केला नाही.

कागदपत्रं दुसऱ्या दिवशी व्हायची होती, पण भवानीसिंह म्हणाला, दशरथजींचा रिवाज होता, घरापर्यंत चक्कर मारून आणा. मॅडम चालवायला बसल्या. सीट पुढे ओढली, मफलर काढून मागे टाकला, आणि फाटकातून बाहेर पडताना गाडी दोनदा बंद पाडली. "बोलू नकोस," त्या म्हणाल्या. मी काही बोलले नव्हते. तिसऱ्यांदा निघाली. रेल्वे स्टेशनकडच्या मोकळ्या रस्त्याला त्यांनी पाय दाबला आणि आम्ही दोघी सीटला चिकटलो. काटा ऐंशीवर गेला तेव्हा त्यांनी एकदाच शेजारी, माझ्याकडे बघितलं. तिथे मी होते, पण बघितलं बहुधा दुसऱ्याच कुणाला.

आमच्या इमारतीखाली गाडी थांबली तेव्हा अरुणकाका गॅलरीत आले आणि आई पदराला हात पुसत खाली आली. तिनं गाडीला पुढून मागून एक फेरी मारली. मॅडमच्या पांढऱ्या बुटांकडे बघितलं. मग पुढे येऊन बॉनेटवर उजवा हात पसरून ठेवला, थेट तसाच, आणि क्षणभर उभी राहिली.

"गरम हाये," आई म्हणाली. "बसा आता दोघी. चहा टाकते."